तीन पुस्तकं ठेवली, मशीनने दोनच मोजली

नेरूळच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी संध्याकाळच्या पाळीला देवघेव सांभाळते. सभासदांनी आपली पुस्तकं आपणच घ्यायची आणि आपणच परत करायची, असं मशीन आमच्याकडे बसवलंय. ते बसल्यापासून माझं निम्मं काम माणूस आणि मशीन यांच्यात दिलजमाई करण्याचं झालंय. साडेसहा-सातला स्टेशनवरून माणसं येतात, घाईघाईत पुस्तकं बदलतात, दाराशी पोचतात आणि न नोंदवलेलं पुस्तक पकडणारं गेट केकाटतं. अख्खं वाचनालय मान वर करून बघतं.

"मॅडम, घेतलीत हो मी मशीनवर! चोर वाटलो का मी तुम्हाला?"

नाही काका. तुमच्या हातात तीन पुस्तकं आहेत आणि मशीनने दोनच मोजलीत, इतकंच झालंय.

हाच प्रकार मी इतक्यांदा निस्तरलाय की आता गेट वाजलं की माणसाच्या हातातल्या ढिगाकडे बघूनच कारण कळतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. पहिल्या तपासण्या कोणत्याही सभासदाला करता येतील, त्यांना पैसा लागत नाही. नंतरच्या काउंटरच्या आत बसणाऱ्या माणसासाठी आहेत. कुठे थांबायचं तेही त्या त्या जागी सांगितलंय, कारण हौशी दुरुस्तीने झालेले घोटाळे निस्तरायलाही मीच बसलेली असते.

लक्षणं

• पॅडवर, म्हणजे मशीनच्या पुस्तकं ठेवायच्या सपाट जागेवर, तीन-चार पुस्तकं ठेवली, पडद्यावर एक-दोनच उमटतात. उचलून पुन्हा ठेवली की आकडा बदलतो.
• पडद्यावर पुस्तक दिसलं, चिठ्ठीही आली, तरी दारातलं गेट वाजतं.
• तुम्ही हातही न लावलेलं पुस्तक तुमच्या नावावर चढतं.
• कार्ड लावलं तरी 'सभासद सापडला नाही'.
• कारण न सांगता 'कृपया कर्मचाऱ्यांशी संपर्क साधा'.
• चिठ्ठी कोरी येते, किंवा पुस्तकाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग.
• वीज जाऊन आल्यावर मशीन 'सेवा बंद' दाखवत ठाण मांडून बसतं.

पहिली दोन लक्षणं बहुतेक वेळा एकाच दुखण्याची असतात, आणि तेच दुखणं रोजचं आहे.

आत नेमकं काय चालतं

एवढं समजलं की पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक पातळ स्टिकर असतो, त्याला आम्ही टॅग म्हणतो. त्यात एक बारीकशी चिप आणि तिच्याभोवती धातूच्या तारेचं वेटोळं. बॅटरी नसते. पॅडमधून १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र निघतं, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपला दाखल अंक, म्हणजे वाचनालयाने त्या पुस्तकाला दिलेला क्रमांक, सांगते. मशीन तो अंक वाचनालयाच्या संगणकाला कळवतं: हे पुस्तक या सभासदाला द्यायचं का? होकार आला की मशीन पुन्हा त्या चिपकडे वळतं आणि तिच्यावर 'बाहेर जायला हरकत नाही' अशी खूण करतं. आमच्या दारातलं गेट फक्त ती खूण बघतं. तुमचं नाव, तुमची वर्गणी, तुमचा तीस वर्षांचा सभासदत्वाचा इतिहास, त्याला काही म्हणजे काही माहीत नसतं.

म्हणजे एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी होतात, एक संगणकात आणि एक चिपवर. या दोन्हींचा मेळ बसला नाही की मग ओरड सुरू होते, गेटची किंवा सभासदाची.

सगळ्यात आधी: मोजा, मग उचला

हातातली पुस्तकं मोजा. पडद्यावरचा आकडा बघा. दोन्ही जुळले आणि 'संपवा' किंवा तत्सम बटण दाबून झालं, की मगच पुस्तकं उचला. रोजच्या गेट-वाजण्यातला मोठा वाटा या एका सवयीने बंद होतो.

याचं कारण खुणेत आहे. पुस्तकाचं नाव पडद्यावर उमटलं म्हणजे चिप वाचून झाली. तिच्यावर लिहून झालंच असं नाही. मधल्या एक-दोन सेकंदांत पुस्तक उचललं तर संगणकात नोंद होते आणि चिपवरची खूण राहून जाते. मग तुमचं म्हणणंही खरं आणि गेटचंही खरं. अशा वेळी तेच पुस्तक पुन्हा पॅडवर ठेवा. काही मशीन 'हे आधीच तुमच्या नावावर आहे, मुदत वाढवायची का' असं विचारतात. घाबरू नका, मशीनच्या लेखी ते नूतनीकरण असतं. पण काही वाचनालयांत मुदत किती वेळा वाढवता येते याला मर्यादा आहे आणि अशाने एक वाढ फुकट जाते. त्यामुळे शक्यतो ते पुस्तक काउंटरवर द्या. आमच्याकडच्या पॅडवर नुसती खूण बदलता येते.

'संपवा' न दाबता निघून जाण्याचा आणखी एक धोका आहे. मशीन काही वेळाने आपोआप तुमचं खातं बंद करतं, पण तोवर मागच्या माणसाने पुस्तकं ठेवली तर ती तुमच्या नावावर चढतात. एका मावशींच्या नावावर स्पर्धा परीक्षेची तीन जाडजूड पुस्तकं निघाली होती. "या वयात कलेक्टर व्हायचंय की काय मला?" असं त्याच म्हणाल्या म्हणून प्रसंग हसण्यावारी गेला.

पॅडवर पुस्तकंच ठेवा

ऑफिसची बॅग, त्यात स्टीलचा डबा, स्टीलची बाटली, किल्ल्यांचा जुडगा, सगळं पॅडवर, आणि त्या गर्दीत कोपऱ्यात पुस्तकं. मशीनला दिसणार कसं? चुंबकीय क्षेत्रात धातू आला की त्यात उलटे प्रवाह फिरतात आणि क्षेत्र दुबळं पडतं. चिपला पुरेशी वीजच मिळत नाही, मग ती बोलत नाही. बॅग खाली ठेवा आणि पुन्हा बघा. पाच सेकंदांचं काम आहे, आणि यानेच सुटलेल्या तक्रारी मी मोजायच्या सोडून दिल्यात.

पाण्याची बाटली प्लॅस्टिकची असेल तर वाचनाला तिचा त्रास नाही; या वारंवारतेवर पाणी फारसं आड येत नाही. पण पावसाळ्यात ओली पिशवी, ओली छत्री पॅडवर टेकवू नका. पाणी फटीत उतरतं. शिवाय पडद्यावर थेंब असले की तो आपोआप भलतीकडे दाबल्यासारखा वागतो. जुलैत मी मशीनशेजारी एक सुती फडकं अडकवून ठेवते. बोट पुसा, पडदा पुसा, मग दाबा.

ढीग विस्कटा

आता मुख्य गोष्ट. पुस्तकं जाड असतील तर चार-पाचही एकदम वाचली जातात. घोळ होतो पातळ पुस्तकांचा: कवितासंग्रह, एकांकिका, मुलांची गोष्टींची पुस्तकं, दिवाळी अंक. त्यांची पानं कमी, त्यामुळे वरच्याचा टॅग आणि खालच्याचा टॅग यांत जेमतेम काही मिलिमीटरचं अंतर राहतं. दोन वेटोळी इतकी जवळ आणि बरोबर एकावर एक आली की ती एकमेकांचा सूर बिघडवतात. जुन्या रेडिओचा काटा स्टेशनवरून किंचित सरकावा, तसं ती १३.५६ वरून घसरतात. दोन्ही टॅग धडधाकट असूनही एक गप्प बसतो, कधी कधी दोन्ही.

उपाय सोपा आहे. पत्ते पसरतो तशी पुस्तकं थोडी सरकवून पसरा, किंवा एकाआड एक पुस्तकाची वरची कड आपल्याकडे फिरवून ठेवा. जमलं नाही तर दोन-दोन करून घ्या. बालविभागातली दहा पुस्तकं घेऊन येणाऱ्या आईला मी एकेकच ठेवायला सांगते. सुरुवातीला ती कंटाळते, पण गेटवर अडकून पोराची रडारड ऐकण्यापेक्षा ते बरं.

मुखपृष्ठाचाही संबंध असतो. सोनेरी-चंदेरी चकाकणारा वर्ख असलेली काही मुखपृष्ठं खरंच धातूच्या पातळ थराची असतात. दिवाळी अंकांत हे हमखास. असा अंक ढिगात असेल तर तो शेजारच्या पुस्तकालाही झाकतो. तो वेगळा ठेवा, टॅगची बाजू खाली करून. तरीही वाचला गेला नाही तर प्रयत्न सोडा आणि काउंटरवर या. त्यावरचा बारकोड आम्ही स्कॅनरने घेतो.

सभासदाने ढीग दोनदा नीट ठेवून बघावा. तिसऱ्यांदा नको. तिसऱ्या प्रयत्नात माणूस चिडलेला असतो आणि पडद्यावरचं काहीही दाबतो.

कार्ड पाकिटाबाहेर काढा

मेट्रोचं कार्ड, टेकवून पैसे देता येणारं बँकेचं कार्ड आणि वाचनालयाचं चिपवालं कार्ड, तिन्ही त्याच १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात. बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तेव्हापासून आमच्या बऱ्याच सभासदांच्या पाकिटात एक कार्ड वाढलंय. पाकीट जसंच्या तसं टेकवलं की मशीनला तीन आवाज एकदम ऐकू येतात. मग ते एक तर गोंधळतं किंवा भलतंच कार्ड वाचून 'सभासद सापडला नाही' म्हणतं. तुमचे पैसे वगैरे कापले जात नाहीत, ती काळजी नको. फक्त वाचनालयाचं कार्ड सुटं धरा.

कार्ड नुसत्या बारकोडचं असेल तर ओरखडे आणि लॅमिनेशनची चमक बघा. रुमालाने पुसा, किंचित तिरकं धरा. मोबाइलमधला कार्डाचा फोटो चालेल का, हे स्कॅनरवर अवलंबून असतं. लाल रेघेचे जुने लेझर स्कॅनर मोबाइलच्या पडद्यावरून सहसा वाचत नाहीत.

'कर्मचाऱ्यांशी संपर्क साधा'

हा मशीनचा बिघाड नाहीच. वर्गणी थकली, दंड बाकी आहे, पुस्तकांची मर्यादा भरली, पुस्तक दुसऱ्याने राखून ठेवलंय, किंवा ते संदर्भ विभागातलं असून घरी न्यायचंच नाही, अशा सगळ्या कारणांना मशीन एकच गोलमोल वाक्य म्हणतं. चारचौघांत 'तुमची वर्गणी थकली आहे' असं पडद्यावर झळकू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, आणि मला ते पटतं.

यात एक कारण मात्र तुमच्या बाजूचं नसतं. आधीच्या वाचकाने पुस्तक मशीनवर परत न करता नुसतंच कपाटात नेऊन ठेवलेलं असतं. संगणकाच्या लेखी ते अजून त्याच्याच घरी. तुम्ही काउंटरवर आणलंत तर उलट त्या बिचाऱ्याचा दंड थांबतो. पुन्हा पुन्हा पॅडवर ठेवून काही होणार नाही. इथे पहिल्याच नकाराला थांबा.

न घेतलेलं पुस्तक नावावर

याची भीती सगळ्यांना वाटते आणि कारण मात्र साधं असतं: पॅडच्या शेजारी कोणीतरी टेकवून ठेवलेलं पुस्तक. पॅडचं क्षेत्र कडेला बरोबर संपत नाही, थोडं बाहेरही सांडतं. त्यामुळे पॅडच्या चारही बाजूंना हातभर जागा मोकळी हवी. परतीच्या पुस्तकांची ट्रॉली तर मशीनला खेटून कधीच उभी करू नका. हे मी स्वतः केलंय. एका रविवारी गर्दीत ट्रॉली बाजूला लोटली आणि एका शाळकरी मुलीच्या नावावर अर्थशास्त्राचा ग्रंथ चढवला.

सभासदांनी यासाठी एकच करायचं: चिठ्ठीवरचा आकडा मोजून घ्यायचा आणि जास्त दिसला तर तिथल्या तिथे सांगायचं. चिठ्ठीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. मोबाइलच्या कव्हरमागे किंवा उन्हातल्या गाडीत ठेवलात तर महिनाभरात तो पुसट होतो किंवा काळवंडतो. फोटो काढून ठेवा.

गेट वाजलंच तर

परत फिरा आणि स्वतःला एक विचारा: आत येतानाही ते वाजलं होतं का? वाजलं असेल तर कारण तुमच्या बॅगेत आधीपासून आहे. बहुधा कॉलेजच्या लायब्ररीचं पुस्तक. तिथेही असेच टॅग असतात, आणि त्यांची खूण करण्याची पद्धत आमच्यापेक्षा वेगळी असेल तर आमच्या गेटला ते पुस्तक आमचंच वाटतं. येताना वाजलं नव्हतं, तर पुस्तकं एकेक करून गेटमधून न्या. कोणतं वाजतं ते लगेच कळतं. सगळं सामान तपासत बसण्यापेक्षा हे सभ्य आणि जलद.

सभासदाचं काम इथे संपतं. आता काउंटरच्या आतलं.

टॅग जिवंत आहे का?

एकच पुस्तक वारंवार गप्प बसत असेल तर ते बाजूला काढा आणि पॅडवर एकटंच ठेवा. तरी गप्प? मग एनएफसी, म्हणजे जवळ धरून चिप वाचायची सोय, असलेला अँड्रॉइड मोबाइल घ्या. वाचनालयाचे बहुतेक टॅग आयएसओ १५६९३ या मानकाचे असतात आणि मोबाइललाही ते वाचता येतात. टॅग वाचणारं एखादं मोफत अॅप उघडा आणि मोबाइलची पाठ टॅगवर सावकाश फिरवा. चिपचा क्रमांक दिसला तर ती जिवंत आहे, दोष पॅडच्या बाजूला शोधा. हे टॅग अगदी जवळून वाचले जातात, म्हणून एका जागी टेकवून लगेच निष्कर्ष काढू नका. दोन-तीन वेगवेगळ्या जागी धरून बघा.

फक्त वाचायचं. त्याच अॅपमध्ये लिहिण्याची आणि कुलूप लावण्याचीही सोय असते. कुलूप एकदा लागलं की ते निघत नाही आणि टॅग फेकून द्यावा लागतो. एका हौशी स्वयंसेवकाने असे दोन टॅग घालवल्यावर मी मोबाइल माझ्याच हातात ठेवते.

टॅग मेलाच असेल तर कारण बघा. पुस्तक बाइंडिंगला गेलं होतं का? शिवणीची सुई किंवा कटर वेटोळ्यातून गेला असेल तर ते तुटतं. पुठ्ठा बरोबर टॅगवरच मोडला असेल तरी तेच. नवा टॅग लावून त्यावर दाखल अंक भरणं हे पाच मिनिटांचं काम, पण जुना आधी काढा. अर्धमेला जुना आणि नवा एकाच पुस्तकात राहिले तर पुढचे सहा महिने भुताटकी चालते.

पातळ पुस्तकांना नवा टॅग लावताना जागा बदलती ठेवा: एकाला वर, पुढच्याला मध्ये, त्यापुढच्याला खाली. आमच्याकडे सुरुवातीला सगळे टॅग पट्टी लावून अगदी एका जागी चिकटवले होते. दिसायला देखणं काम. त्याचीच फळं बालविभागात अजून भोगतोय.

बारकोडवर चालणारं मशीन भलतंच लिहीत असेल

सगळीकडे महागडं मशीन नसतं. एक संगणक, एक बारकोड स्कॅनर आणि कोहासारखं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावरही स्वयंसेवेची देवघेव चालते. (कोहा हा माओरी शब्द, अर्थ 'भेट', न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेत ते २०००च्या जानेवारीत सुरू झालं.) तिथला मला सर्वांत जास्त भेटलेला बिघाड अस्सल मराठी आहे. स्कॅनर संगणकाच्या लेखी कीबोर्डच असतो. कोणीतरी सूचना टाइप करायला मराठी कीबोर्ड लावतं आणि तसाच सोडून देतं. मग स्कॅनरने पाठवलेली रोमन अक्षरं पडद्यावर काना-मात्रा होऊन उमटतात आणि सॉफ्टवेअर म्हणतं, असं पुस्तकच नाही! पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात भाषा बघा, विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी करा. कॅप्स लॉकही बघा.

आकडा बरोबर उमटतो पण पुढे काहीच होत नाही, असं असेल तर स्कॅनर आकड्यानंतर 'एंटर' पाठवत नाहीये. स्कॅनरच्या पुस्तिकेत त्यासाठीचा एक बारकोड छापलेला असतो, तो एकदा स्कॅन केला की झालं. म्हणून ती पुस्तिका रद्दीत देऊ नका.

चिठ्ठी

कोरी आली तर रोल उलटा बसलाय. नखाने कागदावर ओरखडा काढा. काळी रेघ उमटली ती बाजू छपाईच्या डोक्याकडे हवी. प्रश्नचिन्हं येत असतील तर प्रिंटर बिघडलेला नाही. अशा छोट्या प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं भरलेली नसतात. चिठ्ठी चित्राच्या रूपात छापायची सेटिंग करावी लागते, आणि ती मशीनवाल्याकडून एकदाच करून घ्या. तोवर सभासदांना दाखल अंक जुळवून बघायला सांगा.

वीज जाऊन आल्यावर

घाई नडते ती इथे. वीज आली की मशीन मिनिटभरात उठतं, राउटर आणि सर्व्हर मात्र अजून डोळे चोळत असतात. मशीनने हाक मारली, उत्तर आलं नाही, ते 'सेवा बंद' म्हणून रुसलं. आधी राउटर, मग सर्व्हर, ते दोन्ही स्थिर झाल्यावर शेवटी मशीन, या क्रमाने सुरू करा. मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. मशीन बंद करताना बटणाने किंवा मेनूतून करा, वायर उपटून नाही. पुस्तकाची नोंद चालू असताना वीज तुटली की संगणक एक सांगतो आणि चिप दुसरंच.

सुरू झालं पण ब्राउझर 'ही जोडणी सुरक्षित नाही' म्हणत असेल तर घड्याळ बघा. मशीनमधल्या संगणकाचा सीआर २०३२ हा चपटा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कुठल्या तरी जुन्या सालात जाते, आणि सुरक्षा प्रमाणपत्रं तारखेवर चालतात. तारीख हाताने दुरुस्त करून त्या दिवसाचं काम भागवा. सेल मात्र तंत्रज्ञाकडूनच बदला, कारण त्यासाठी पेटी उघडावी लागते.

पॅडची ताकद कमी झाल्यासारखी वाटते

कालपर्यंत पाच पुस्तकं वाचायचं आणि आज दोनच, तीही जाड. ढीग विस्कटून झाला, टॅगही तपासले. मग विचारा, काय हललंय? आमच्याकडे रंगकामानंतर मशीन लोखंडी कपाटाला टेकवून ठेवलं होतं आणि सुटं पॅड लाकडी टेबलावरून स्टीलच्या टेबलावर आलं होतं. खालून धातूने क्षेत्र गिळलं. पॅड लाकडावर परत नेलं, कपाट दूर केलं, काम झालं. तंत्रज्ञाला बोलावण्याआधी फर्निचर बघा, तेही फुकट आहे.

मशीन आणि सॉफ्टवेअरची बोलणी

हे सगळ्यात अवघड, आणि इथे फक्त बघायचं. मशीन वाचनालयाच्या सॉफ्टवेअरशी बहुधा एसआयपी-२ नावाच्या ठरावीक भाषेत बोलतं. ती थ्रीएम कंपनीने आणली. प्रत्येक निरोपाला आकडा आहे. ९३ म्हणजे 'मी अमुक मशीन, आत घ्या'. उत्तर ९४१ आलं तर घेतलं, ९४० आलं तर नाही. ११ म्हणजे 'हे पुस्तक या सभासदाला देऊ?' आणि १२ हे त्याचं उत्तर. मशीनच्या लॉगमध्ये, म्हणजे या निरोपांच्या नोंदवहीत, ९४० दिसलं तर बहुधा कोणीतरी मशीनच्या खात्याचा पासवर्ड बदललाय. आमच्याकडे 'सगळ्यांनी पासवर्ड बदला' असा आदेश निघाला तेव्हा बरोबर हेच झालं. मशीनला कोणी सांगितलंच नाही. ११ गेलंय पण १२ आलेलं नाही, तर मशीन निर्दोष आहे, सर्व्हर किंवा नेटवर्क बघणाऱ्याला फोन करा.

इथे थांबा

पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, जळका वास आला किंवा आतून चटचट आवाज आला तर भिंतीवरचं बटण बंद करा, पाटी लावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंगचा दोष आहे की आणखी काही, हे शोधणं आपलं काम नाही. पावसाळ्यात तर अजिबातच नाही.

एखाद-दुसरं नाही, तर रीतसर घेतलेलं प्रत्येक पुस्तक गेटवर वाजायला लागलं तरी थांबा. चिपवरची खूण दोन प्रकारे करतात, एकीला ईएएस म्हणतात, दुसरीला एएफआय. मशीन एक लिहितं आणि गेट दुसरी वाचतं अशी सेटिंग कुठल्या तरी अपडेटमध्ये झालेली असू शकते. हे मशीनवाल्यांनीच जुळवायचं. तोवर गेटचा आवाज बंद करा, म्हणजे निष्पाप माणसं चोर ठरणार नाहीत. उलट एकही पुस्तक वाजत नसेल तरी त्यांनाच सांगा. ते शांतपणे बिघडलेलं गेट जास्त महागात पडतं.

पेटीचं सील, अँटेना, सर्व्हरची सेटिंग यांना वार्षिक देखभालीचा करार असताना हात लावू नका. आणि दंडावरून किंवा 'मी परत केलंय' यावरून वाद झाला तर तो मशीनसमोर सोडवू नका. आधी कपाटात पुस्तक शोधा, मग ग्रंथपालांकडे न्या.

तंत्रज्ञाला 'मशीन चालत नाही' एवढंच सांगितलं की तो दोन दिवसांनी येतो आणि त्याच्यासमोर मशीन गुणी बाळासारखं चालतं. त्यापेक्षा हे कळवा: किती वाजता झालं, पॅडवर किती पुस्तकं होती, एकट्या जाड पुस्तकाने चालतं का, दुसऱ्या सभासदाच्या कार्डाने चालतं का, आणि पडद्याचा फोटो. निम्म्या वेळा तो फोनवरच सोडवतो.

तो येईपर्यंत वही काढा. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. त्यातली बहुतेक वर्षं देवघेव कागदावरच झाली, आपलीही दोन दिवस होईल. सभासद क्रमांक, दाखल अंक, वेळ आणि 'दिलं' की 'आलं', चार रकाने पुरतात. दिलेल्या पुस्तकावर खूण झालेली नसते, तेव्हा त्या दोन दिवसांत पुस्तकं गेटच्या बाहेरच्या बाजूने हातात द्या. मशीन सुरू झालं की वही त्याच संध्याकाळी संगणकात भरा, आणि वेळेच्या क्रमानेच भरा. एकच पुस्तक पाच वाजता परत येऊन सहा वाजता दुसऱ्याकडे गेलेलं असतं. क्रम उलटला तर ते कपाटात असल्याचं दिसतं आणि तिसरा सभासद अर्धा तास ते शोधत बसतो.